बॅरोग्राफवरचा सरकारी क्रमांक आणि खरेदीदाराचा हक्क

प्रश्न : मी जुनी हवामानयंत्रे जमवतो. सहा वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून काचेच्या पेटीतला पितळी बॅरोग्राफ (हवेचा दाब कागदावर सतत नोंदवणारे यंत्र) आणि त्यासोबत १९३८ ते १९४६ या काळातील साप्ताहिक चार्टांचा गठ्ठा विकत घेतला. पावतीवर ‘जुने यंत्र, १ नग’ एवढेच लिहिले आहे. यंत्राच्या तळपट्टीवर केंद्र सरकारच्या एका कार्यालयाची आद्याक्षरे आणि क्रमांक कोरलेला असून तो अर्धवट घासलेला दिसतो. यंदा मी हे यंत्र एका प्रदर्शनात मांडले. त्यानंतर त्या कार्यालयाचे पत्र आले की, ही सरकारी मालमत्ता असून पंधरा दिवसांत जमा न केल्यास पोलिसांत तक्रार केली जाईल. दरम्यान परदेशातील एका संग्राहकाने यंत्र व चार्ट दोन्ही घेण्याचे ठरवून मला आगाऊ रक्कम पाठवली आहे. यंत्र परत द्यावे लागेल काय? ते विकता येईल काय?

उत्तर : आपणांस आलेले पत्र ही मागणी आहे, तो न्यायालयाचा आदेश नव्हे. त्यामुळे पंधरा दिवसांच्या मुदतीने घाबरून यंत्र घाईघाईने पोहोचते करण्याचे कारण नाही. मात्र पत्राला उत्तरच न देणे त्याहून अधिक धोक्याचे आहे, कारण पुढे प्रकरण पोलिसांत किंवा न्यायालयात गेले, तर आपण मुदतीत काय लिहिले होते, यावरून आपल्या हेतूची पारख केली जाईल.

संपूर्ण प्रश्न एका गोष्टीवर अडलेला आहे. हे यंत्र त्या कार्यालयातून बाहेर पडले कसे? सरकारी कार्यालयातील प्रत्येक टिकाऊ वस्तूची जडसंग्रह नोंदवहीत नोंद असते आणि ती वस्तू निरुपयोगी ठरली, तर रीतसर निर्लेखन करून, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करून, सर्वसाधारणपणे निविदा किंवा जाहीर लिलावाने तिची विल्हेवाट लावायची असते. केंद्र सरकारच्या कार्यालयांना यासाठी २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम लागू आहेत. स्वयंचलित यंत्रणा आल्यावर घड्याळाच्या पिंपावर कागद गुंडाळून चालणारी यंत्रे ठिकठिकाणी अडगळीत गेली आणि मोडीच्या ढिगातून बाजारात आली. आपला बॅरोग्राफ अशा लिलावातून बाहेर पडला असेल, तर त्यावरची मालकी तेव्हाच कायदेशीरपणे हस्तांतरित झाली आणि कोरलेल्या आद्याक्षरांना जुन्या मालकाची खूण यापलीकडे अर्थ उरत नाही. निर्लेखन न होताच कोणी ते उचलून नेले असेल, तर मात्र चित्र पूर्णपणे बदलते.

वस्तूविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार, काही थोडे अपवाद वगळता, विक्रेत्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच खरेदीदाराला मिळतो. चोरीची वस्तू दहा हातांतून फिरून प्रामाणिक माणसाकडे आली, त्याने पुरती किंमत मोजली आणि पक्की पावती घेतली, तरी मूळ मालकाचा हक्क जात नाही. ‘पावती आहे म्हणजे मालकी आहे’ हा समज जुन्या वस्तूंच्या व्यवहारात फार खोल रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आपली पावती तर केवळ ‘जुने यंत्र’ म्हणते. त्यात यंत्राचा क्रमांक नाही, वर्णनही नाही.

तरीही आपली बाजू दुबळी नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११३ प्रमाणे वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा मालक नाही, असे जो म्हणतो त्याने ते सिद्ध करायचे असते. हे यंत्र एकेकाळी आमचे होते, एवढे दाखवून कार्यालयाचे भागणार नाही. ते आजही आमच्याच नोंदवहीत शिल्लक आहे किंवा हरवल्याची नोंद अमुक तारखेला झाली आहे, असे दाखवणारा कागद त्यांना पुढे करावा लागेल. पत्रात अशा कोणत्याही नोंदीचा उल्लेख असल्याचे आपण लिहिलेले नाही, आणि माझ्या मते ही त्रुटी आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मुदतीच्या कायद्याचा आधार मिळेल, अशी आशा मात्र बाळगू नये. मुदत अधिनियम, १९६३ मध्ये चोरीस गेलेली जंगम वस्तू परत मिळवण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला प्रथम कळल्यापासून मोजली जाते. सरकारने केलेल्या दाव्याला अनुच्छेद ११२ मुळे हीच मुदत तीस वर्षांची होते. कार्यालयाला आपले नाव प्रदर्शनानंतर कळले असेल, तर चोरी सिद्ध झाल्यास घड्याळ आत्ता कुठे सुरू झाले आहे.

फौजदारी बाजूबद्दल आपल्या मनात भीती असणे स्वाभाविक आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल अप्रामाणिकपणे स्वीकारण्यास किंवा जवळ ठेवण्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे; परंतु माल चोरीचा आहे हे माहीत असणे किंवा तसे मानण्यास सबळ कारण असणे त्यासाठी आवश्यक असते. सहा वर्षांपूर्वी उघड दुकानातून घेतलेली, लपवाछपवी न करता जाहीर प्रदर्शनात मांडलेली वस्तू हा या आरोपाला बऱ्यापैकी सबळ प्रतिवाद आहे. येथे एक बारकावा मात्र ध्यानात घ्यावा. ‘जवळ ठेवणे’ हाही गुन्ह्याचा भाग असल्याने, मालकीचा स्पष्ट पुरावा आपल्यासमोर आल्यानंतरही यंत्र दडवले किंवा परस्पर विकले, तर जो प्रामाणिकपणा आज आपली ढाल आहे तोच संपुष्टात येईल.

अर्धवट घासलेल्या क्रमांकाकडे या दृष्टीने नीट पाहा. निर्लेखनाच्या वेळी काही ठिकाणी खूण मुद्दाम खोडली जाते, आणि चोरही नेमके तेच करतो. तळपट्टी पेटीतून सुटी न करता, तिरक्या उजेडात भिंगाने पाहिल्यास घासलेल्या जागेवर जुनी लाखेची झिलई शिल्लक आहे की उघडे पितळ चमकते आहे, हे दिसते. झिलई घासण्यानंतरची असेल, तर खूण फार पूर्वी खोडली गेली असण्याचा संभव अधिक. पिंपातील घड्याळावरचा क्रमांक तळपट्टीशी जुळतो का तेही पाहावे, कारण अशा यंत्रांत पिंप बदललेले असू शकते. या सर्वांची तारखेसह छायाचित्रे घ्या आणि त्यानंतर पॉलिशच्या कापडाला हातही लावू नका. संग्राहकाला चकाकी आवडते, पण पुरावा काळवंडलेला असला तरच न्यायालयात उपयोगी पडतो.

आता करायचे काय? मुदत संपण्यापूर्वी पोच मिळेल अशा टपालाने उत्तर पाठवावे. त्याचा आशय असा असावा : “सदर यंत्र मी प्रामाणिकपणे, मोबदला देऊन विकत घेतले आहे. आपल्या कार्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीतील संबंधित उतारा, निर्लेखनाचे आदेश असल्यास त्यांच्या प्रती, तसेच वस्तू हरवल्याची नोंद अथवा तक्रार असल्यास तिची प्रत मला द्यावी. ती मिळेपर्यंत यंत्र मी आहे त्या स्थितीत सुरक्षित ठेवीन, त्याची विक्री अथवा हस्तांतर करणार नाही. पूर्वसूचना दिल्यास आपल्या प्रतिनिधीस यंत्राची पाहणी करता येईल. हे उत्तर माझे सर्व हक्क अबाधित ठेवून देत आहे.” ‘चोरीचे असेल तर परत करतो’ असे वाक्य सौजन्याने सुचते, पण ते लिहू नये. हीच कागदपत्रे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली स्वतंत्र अर्ज करूनही मागावीत; त्यावर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्जात ‘यंत्र माझे कसे नाही ते सांगा’ अशी वादाची भाषा नको. नोंदवहीचे वर्ष, वस्तूचा प्रकार आणि क्रमांक देऊन नेमके कागद मागावेत.

आपण चार्टांविषयी जवळजवळ काहीच विचारलेले नाही, पण माझ्या दृष्टीने या प्रकरणातील अधिक नाजूक वस्तू तीच आहे. भरलेल्या चार्टावर हवामान केंद्राचे नाव, कागद लावल्याची व काढल्याची वेळ आणि निरीक्षकाची सही असते. निरीक्षणाच्या वेळी लेखणी किंचित हलवून काढलेली बारीक उभी रेघही दिसते. म्हणजेच तो कर्तव्य बजावताना तयार झालेला सरकारी अभिलेख आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार केंद्र सरकारचे असे अभिलेख विहित पद्धतीखेरीज नष्ट करता किंवा निकालात काढता येत नाहीत, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीविना देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि या तरतुदींच्या भंगास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अनधिकृतपणे बाहेर गेलेले अभिलेख परत मिळवण्यासाठी कार्यवाही करणे हे तर अभिलेख अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे.

शिवाय पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये वस्तूंना पुरावशेष (कायद्याने संरक्षित प्राचीन वस्तू) ठरण्यासाठी शंभर वर्षांची अट असली, तरी वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक मूल्य असलेल्या हस्तलिखितांना, अभिलेखांना व दस्तऐवजांना पंचाहत्तर वर्षेच पुरतात. आपल्या गठ्ठ्यातील शेवटचा चार्ट १९४६ चा आहे. त्यालाही ती पूर्ण होऊन गेली. एकाच पेटीतून आलेले यंत्र कदाचित पुरावशेष नसेल आणि त्याखालचा कागद असेल, अशी ही विचित्र अवस्था आहे. कोरे, न वापरलेले चार्ट गठ्ठ्यात असतील, तर त्यांचा या चर्चेशी संबंध नाही. भरलेल्या चार्टांची क्रमवार यादी करून ते मूळ स्थितीत ठेवावेत आणि यंत्राचा वाद कसाही मिटो, चार्ट त्या कार्यालयाकडे किंवा राष्ट्रीय अभिलेखागाराकडे लेखी पोचपावती घेऊन सुपूर्द करण्याची तयारी ठेवावी. त्यांच्या प्रतिमा स्वतःच्या अभ्यासासाठी आधी काढून ठेवाव्यात. आणखी एक, जरा अडचणीची बाब अशी की, चार्टावर यंत्राचा क्रमांक लिहिलेला असेल, तर तोच कागद कार्यालयाचा दुवा पक्का करील. म्हणून तो गहाळ करण्याचा विचारही करू नये. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

परदेशातील विक्रीचा प्रश्न यामुळे बराचसा आपोआप सुटतो. चार्ट पाठवता येणारच नाहीत. यंत्राच्या बाबतीत त्याचे वय निर्णायक ठरेल. १९७२ च्या अधिनियमात ‘गतकाळातील विज्ञानाची निदर्शक वस्तू’ असा व्यापक शब्दप्रयोग आहे आणि ती वस्तू भारतातच घडलेली असावी, अशी अट व्याख्येत नाही. त्यामुळे यंत्र पॅरिसमध्ये किंवा लंडनमध्ये बनले आहे, हा युक्तिवाद पुरेसा नाही. पॅरिसच्या रिशार बंधूंचे बॅरोग्राफ १८८० च्या दशकापासून जगभर गेले आणि त्यांच्या धाटणीची यंत्रे पुढे अनेक निर्मात्यांनी पन्नास-साठ वर्षे बनवली. आपले यंत्र १९२० चे असेल तर शंभरी उलटली, १९३५ चे असेल तर नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करणे कठीण असते. चार्टवरील हवेच्या दाबाची मोजणी इंचांत आहे की मिलिबारमध्ये, यावरही वय ठरवू नये. कागद केव्हाही बदलता येतो. शंभर वर्षे झालेली वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या संस्थेखेरीज कोणालाही निर्यात करता येत नाही आणि त्याबद्दल किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. ती पुरावशेष आहे की नाही, हा प्रश्न उद्भवल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी तो ठरवतो आणि तो निर्णय अंतिम असतो. वय शंभराच्या आत असले, तरी सर्वेक्षणाकडून तसे प्रमाणपत्र घेतल्याविना पार्सल सीमाशुल्काकडे नेऊ नये. देशात एखादे यंत्र विकण्याला परवाना लागत नाही. परवाना पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला लागतो. मात्र मालकीचा वाद मिटेपर्यंत देशातही विकू नये.

पोलीस खरोखरच आले, तर अडवणूक करू नये. यंत्र जप्त झाल्यास पंचनाम्यात ‘एक जुने घड्याळासारखे यंत्र’ असे न लिहिता निर्मात्याचे नाव, क्रमांक, पिंप, दाबपेट्यांची (हवेच्या दाबाने आकसणाऱ्या-फुगणाऱ्या धातूच्या डब्यांची) संख्या, लेखणी आणि काचपेटीची स्थिती नोंदवून घ्यावी. हलवण्यापूर्वी घड्याळ थांबवून लेखणी कागदापासून दूर करण्याची विनंती करावी, कारण वाकलेल्या लेखणीदांड्याची भरपाई पुढे कोणी देत नाही. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून निकालापर्यंत यंत्र सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागताच हजर करण्याच्या हमीवर, आपल्या ताब्यात मागता येते. ओलावा आणि धूळ यांपासून ते जपण्याची सोय आपल्याकडे आहे, हा मुद्दा अर्जात आवर्जून मांडावा.

कार्यालयाचा हक्क अखेर सिद्ध झाला, तर आपण मोजलेली किंमत सरकार देणार नाही. ती विक्रेत्याकडून मागावी लागेल. वस्तू विकण्याचा अधिकार विक्रेत्याला आहे, ही गृहीत धरलेली अट वस्तूविक्री अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. खरेदीला सहा वर्षे झाली म्हणून हा दावा बुडाला, असे समजू नये. मोबदला निष्फळ ठरल्याच्या तारखेपासून तीन वर्षे मोजावीत, अशी भूमिका मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ४७ च्या आधारे घेता येते. विक्रेत्याला आजच लेखी कळवून त्याने यंत्र कोठून घेतले ते विचारावे. त्याच्याकडे लिलावाची पावती निघाली, तर कार्यालयाशी असलेला वाद तेथेच संपण्याची शक्यता आहे.

परदेशी संग्राहकाची आगाऊ रक्कम ठेवून घेऊ नये. चार्टांपुरता करार बेकायदेशीर ठरण्यासारखा आहे आणि यंत्रापुरता तो वादग्रस्त आहे. करार निरर्थक असल्याचे उघड झाल्यावर मिळालेला लाभ परत करण्याचे बंधन भारतीय करार अधिनियमाच्या कलम ६५ मध्ये आहेच. रक्कम ज्या बँकमार्गाने आली त्याच मार्गाने परत पाठवावी आणि सोबतच्या ईमेलमध्ये मालकीचा प्रश्न प्रलंबित असल्यामुळे व्यवहार रद्द करीत आहे, एवढेच लिहावे.