“मॅडम, बाहेर मला कोण विचारणार?”

लातुरात समुपदेशन करायचं म्हणजे वर्षातले बरेचसे महिने नीटचे मार्क आणि आईबापांचे चेहरे. संरक्षण क्षेत्रातला इंजिनीअर क्वचितच येतो. पण त्याची काळजी ओळखीची होती: एकाच कोपऱ्यातलं काम, त्याबद्दल बोलायची मुभा नाही, मग उद्या नोकरी बदलायची तर दाखवायचं काय? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

हा उदगीरकडचा, तिशी ओलांडलेला, हैदराबादेत कंपोनंट इंजिनीअर, म्हणजे उपकरणातले सुटे इलेक्ट्रॉनिक भाग निवडणारा-तपासणारा. पोळ्याला गावी आला की वडील विचारायचे, “तू करायलास तरी काय तिथं?” हा म्हणायचा, “सांगता येत नाही.” मित्र पॅकेजच्या गप्पा मारायचे तेव्हाही गप्प. झोप उडाली होती. “मी काही बनवत नाही हो मॅडम. दिवसभर डेटाशीट, म्हणजे पार्टांची माहितीपत्रकं, वाचतो.”

म्हटलं, प्रोजेक्ट नको, ग्राहक नको. कॉलेजात शिकलेल्या एखाद्या पार्टवरून सांगा. त्याने माझ्या वहीत लिहिलं: एलएम १२४, २२४, ३२४. “तिन्ही तेच ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, पिनाही त्याच. ३२४ चालतो ० ते ७० अंशांत, २२४ उणे २५ ते ८५, आणि १२४ उणे ५५ ते १२५. सियाचीनला कुठला पाठवायचा, ते मी बघतो.”

मग गडी थांबेचना. चिप काही वर्षांत बाजारातून जाते, उपकरण मात्र फौजेत वीस-तीस वर्षं राहतं. उत्पादन बंद होण्याची नोटीस आली की शेवटची खरेदी किती करायची, की पर्यायी पार्ट शोधून चाचण्या पुन्हा करायच्या, हा हिशेब त्याचा. दलालाकडच्या मालात जुन्या बोर्डावरून उपटलेल्या, घासून नवा नंबर छापलेल्या चिपा निघतात. ॲसिटोनचा बोळा फिरवला की कधी वरचा काळा थर सुटतो. नाही सुटला तर एक्स-रे. २००६ पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले, तेव्हापासून पिनांवर शुद्ध कथिलाचा मुलामा वाढला. त्याला केसाहून बारीक तंतू फुटतात आणि शॉर्ट होतो. हे बोलताना त्याचा आवाज निराळाच होता.

माझं मत स्पष्ट होतं. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आहे, कंपनीचा करार आहे, दोन्ही पाळायचेच. उपकरणाचं नाव, संख्या, क्षमता, बिघाडाचे आकडे घरीसुद्धा नाहीत. पण या माणसाने भीतीपोटी रेघ फार अलीकडे ओढली होती. पर्यायी पार्ट कसा तपासतात, बनावट माल कसा पकडतात, हे गुपित नाही. ती पद्धत त्याची आहे, आणि वैद्यकीय उपकरणं, रेल्वे, वाहनं, सगळीकडे लागते. पगार लगेच सॉफ्टवेअरवाल्या मित्राएवढा होईल, असं मात्र मी म्हटलं नाही.

बायोडेटात प्रकल्पांऐवजी कामाची पद्धत लिहायची आणि पाठवण्याआधी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवायची, असं ठरलं. वडिलांना त्याने फोनवर सांगितलं, “सोयाबीनचं बोगस बियाणं निघतं ना, तशा बोगस चिपा मी धरतो.” वडील म्हणाले, “मग हे आधी सांगायला काय झालं होतं?”

अधिकाऱ्याने बायोडेटातल्या दोन ओळी खोडल्या, बाकीचं मंजूर केलं. नोकरी सोडायची का, हे त्याचं अजून ठरलेलं नाही. वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत मुलाखत मात्र देणार आहे. “पार्ट किती तापमानापर्यंत टिकला पाहिजे?” हा प्रश्न समोरच्यांना आपणच विचारायचा, असं त्याने ठरवलंय.