सिव्हिलनंतर एम.टेक. एन्व्हायर्नमेंटल की एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र?

तुमचं बी.ई. सिव्हिल झालंय, मग माझं मत सरळ एम.टेक.ला. एम.एस्सी.त पाणी-हवा-माती का आणि किती बिघडली याचा अभ्यास जास्त. एम.टेक.मध्ये सांडपाणी शुद्ध करायला टाकी केवढी बांधायची, तिच्यात हवा किती सोडायची, उरलेल्या गाळाचं काय करायचं, हे. तुमचं हायड्रॉलिक्स इथे थेट कामाला येतं. गेटला (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) 2021पासून या विषयाचा वेगळा पेपर आहे, आयआयटी मुंबईत स्वतंत्र विभागही आहे.

केमिस्ट्रीशी मात्र दोस्ती करावी लागेल (सिव्हिलवाले इथेच नाक मुरडतात). साधी बीओडी चाचणी घ्या (पाण्यातली घाण खाताना जंतूंना किती ऑक्सिजन लागतो, ते मोजणारी). 300 मिलीची बाटली, आत एक बुडबुडाही राहता कामा नये. मूळ पद्धत 20 अंशांवर 5 दिवसांची, आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवसांची. मग उरलेला ऑक्सिजन मोजायला टायट्रेशन, म्हणजे थायोसल्फेटचं द्रावण थेंबथेंब सोडायचं: स्टार्च टाकला की निळं होतं, तो निळा रंग नेमका जातो तिथेच थांबायचं. थायोसल्फेटचे चार थेंब जास्त पडले की रीडिंग गेलं. सॅम्पल गुरुवारी लावलंत तर रविवारी लॅबमध्ये यायची तयारी ठेवा! सीओडी (जंतूंऐवजी रसायनांनी घाण जाळून ऑक्सिजन मोजणारी चाचणी) 2 तासांच्या उकळण्यात होते, पण त्या घाणीतलं जंतू किती खाऊ शकतील हे ती सांगत नाही. आणि सांडपाण्याचा प्लांट तर त्या जंतूंवरच चालतो.

प्रवेश घेण्याआधी जवळच्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवर) अर्धा दिवस घालवा. वास सहन झाला तर फॉर्म भरा.