ऑक्सफर्डच्या सिस्टर्सना मदत करायचीय, कशी करू?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नाशिकची, रिटायर्ड शिक्षिका. मुलगा-सून ऑक्सफर्डला असतात, यंदा तीन महिने तिकडे राहून आले. तिथे ऑल सेंट्स सिस्टर्स ऑफ द पुअर म्हणून नन्सचं कॉन्व्हेंट आहे, आजारी मुलांसाठीचं हेलन हाउस त्यांनीच सुरू केलं असं सून म्हणाली, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. पेन्शनमधून काहीतरी द्यायचंय. पण आपण हिंदू, पैसा धर्मप्रचारात जाईल असं मिस्टर म्हणतात. आणि इथून पाठवायचा कसा?

उत्तर: ताई, नक्की द्या. या सिस्टर्स अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या. आपल्याकडे नन म्हटलं की कॅथलिकच डोळ्यासमोर येते, पण पुण्याला पंचहौदात इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या सिस्टर्स होत्या त्याही अँग्लिकनच, पंडिता रमाबाई १८८३ मधे इंग्लंडला गेल्या त्या त्यांच्याचकडे. तुम्ही म्हणताय ती संस्था वेगळी, १८५१ मधे लंडनला सुरू झालेली, तिच्या सिस्टर्सनी त्या काळी मुंबईत येऊन पेशंटची सेवा केलीय, म्हणजे आपल्यावर त्यांचं थोडं देणं आहेच.

हेलन हाउसचं सांगते. १९७८ मधे हेलन नावाची दोनेक वर्षांची मुलगी ब्रेन ट्युमरनंतर पूर्ण परावलंबी झाली, आईवडील रात्रंदिवस तिच्याजवळ. कॉन्व्हेंटच्या तेव्हाच्या मदर सुपिरियर, म्हणजे प्रमुख, स्वतः नर्स होत्या, त्यांनी विचारलं, थोडे दिवस हिला माझ्याकडे ठेवता का, तुम्हाला जरा झोप मिळेल. एवढंच. आणि त्यातून १९८२ मधे कॉन्व्हेंटच्या बागेत आठ मुलांसाठी घर उभं राहिलं, मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात काळजी घेणारं घर, मानतात ते. मला तर तो झोपेचा विचार फार मोठा वाटतो, कारण घरात असं आजारपण काढलेल्या आईला काय हवं असतं हे तिथे आधी कळलं, बाकी बांधकाम, वर्गणी सगळं नंतर.

आता मिस्टरांची शंका. हेलन हाउसचा कारभार आता वेगळ्या नोंदणीकृत चॅरिटीकडे आहे आणि तिथे कुठल्याही धर्माच्या कुटुंबाला घेतात. याच सिस्टर्सचं बेघर लोकांसाठीचं द पोर्च नावाचं केंद्र पण तसंच, कॉन्व्हेंटच्या दारात सँडविच वाटता वाटता सुरू झालं आणि आता स्वतंत्र आहे. म्हणून देताना कुणाच्या नावाने देतोय ते बघा. कॉन्व्हेंटला दिलेत तर ते सिस्टर्सच्या संस्थेला जातील, त्यात प्रार्थना-उपासनाही आली, आणि मला विचाराल तर त्यातही वावगं काही नाही, तीच माणसं आयुष्यभर हे करत आली. पण मिस्टरांना पटवायचं असेल तर सरळ हेलन हाउसच्या चॅरिटीला द्या, चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे तिथल्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, रजिस्टरवर मुलाला नंबर तपासायला सांगा.

पैशाचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली इथून देणगी पाठवता येते, बँकेत फॉर्म भरावा लागतो, पण ८०जी ची इन्कम टॅक्सची सूट मिळणार नाही आणि छोट्या रकमेत बँकेचे चार्जेसच बरेच खातील. त्यापेक्षा मुलगा तिकडे टॅक्स भरतो ना, त्याने स्वतःच्या पगारातून दिले तर गिफ्ट एड या योजनेखाली तिथलं सरकार त्या चॅरिटीला पाउंडामागे २५ पेन्स वरून देतं. फक्त ते पैसे खरंच त्याचेच हवेत हं, तुमचे त्याच्या हातून दिले तर चालत नाही.

आणि एक, वस्तू देणार असाल तर आधी विचारा. इथल्या एका वृद्धाश्रमात मी आईच्या वाढदिवसाला जिलबी घेऊन गेले, तर टेबलावर आधीच तीन खोके, आजी-आजोबांपैकी अर्ध्यांना शुगर. तिथल्या ताई हळूच म्हणाल्या, मॅडम पुढच्या वेळी मोठ्यांचे डायपर आणाल का, महिनाअखेरीला संपतात. मला इतकं वाईट वाटलं. तेव्हापासून मी आधी फोन करते.

हेलन हाउसवाल्यांची कपड्या-पुस्तकांची चॅरिटी शॉप्स पण आहेत, सूनबाईंनी घरातले चांगले, धुतलेले, बटणं शाबूत असलेले कपडे नेऊन द्यावेत. पुढच्या खेपेला तुम्ही गेलात की दुकानात विचारा, आठवड्यातून एक सकाळ आलेले कपडे निवडायला, हँगरला लावायला माणूस हवंय का. शाळेत तीस-पस्तीस वर्षं वह्यांचे गठ्ठे लावलेत तुम्ही, जमेल की.