प्रवेश रद्द करण्याआधी

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार महिन्यांपूर्वी तुझा दादा अपघातात गेला. तो मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता, तू आर्किटेक्चरच्या पहिल्या. आता प्रवेश रद्द करून मेडिकलची तयारी करायची आणि 'त्याचं अर्धवट राहिलेलं पूर्ण करायचं', असं तुझ्या मनानं घेतलंय. आईबाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, म्हणून मला विचारतेस.

आधी अभ्यासाचं बोलू. एकच पान चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही, असं तू लिहिलंयस. दुःखात झोप आणि एकाग्रता दोन्ही विस्कटतात, तुझी बुद्धी कुठे गेलेली नाही. तेव्हा या दिवसांतल्या मार्कांवरून 'मला हे जमत नाही' असा निकाल लावू नकोस.

मैत्रीण म्हणते की तू दुःखाच्या पाच टप्प्यांपैकी दुसऱ्याच, म्हणजे रागाच्या टप्प्यात अडकलीस. हे टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले, तेही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी एकेक इयत्ता पास व्हावी तसे ते ओलांडायचे नसतात. मला जास्त पटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांचं १९९९ मधलं म्हणणं: माणूस दुःखात बुडतो, मग रोजच्या कामाला लागतो, पुन्हा बुडतो, आणि ही ये-जा स्वाभाविकच असते. कॉलेजसाठी जिन्याचं मॉडेल करताना दोन तास दादा आठवला नाही म्हणून तू रात्री रडलीस ना? ते दोन तास म्हणजे त्याला विसरणं नव्हे गं.

आता मेडिकल. दुःखातून निवडलेलं काम चुकीचंच असतं, असं मी म्हणणार नाही. अशी वाट धरून त्यात मनापासून रमलेली माणसं असतात. पण तुझ्या अख्ख्या पत्रात रुग्ण, शरीर, औषधं यांबद्दल एक ओळ नाही. जिन्याच्या वळणाबद्दल मात्र अर्धं पान आहे! तू डॉक्टर झालीस तरी ती तुझ्या नावाची डॉक्टर असशील. दादाची जागा तशीच रिकामी राहील, आणि दहा वर्षांनी नाइट ड्यूटीवर तुलाच जागायचं आहे.

म्हणून प्रवेश आत्ता रद्द करू नकोस. मागे फिरता येणार नाही असं काहीच या वर्षी नको. परीक्षा पुढे ढकलता येते का किंवा काही महिन्यांची रजा मिळते का, हे कॉलेजला लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे. दादाच्या वर्गमित्रांपैकी कुणाला तरी भेट, त्यांचा एक साधा, कंटाळवाणा दिवस कसा जातो ते विचार. जीवशास्त्राचं पुस्तकही उघडून बघ. वर्षभरानं हेच वाटत असेल तर मला पुन्हा लिही, तयारीचं वेळापत्रक आपण मिळून करू.

आईबाबांच्या गप्प बसण्याचा अर्थ तू होकार असा लावते आहेस. मला तसं वाटत नाही. 'मी डॉक्टर व्हावं असं तुम्हाला वाटतं का?' हे त्यांना सरळ विचार. कदाचित तेही तुझ्या तोंडाकडे बघत थांबले असतील.

आणि दादाला जाऊन सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच राहिली, रोजचे व्यवहारही होईनात, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, त्याच क्षणी घरच्यांना सांग.

रजेचा अर्ज याच आठवड्यात दे. ते जिन्याचं मॉडेल टाकू नकोस, खोलीत समोर दिसेल असं ठेव.