पुण्यात घरच्या टाकीत कोणता फॅन्सी गोल्डफिश टिकेल?

तुम्ही लिहिलंय की धायरीत फ्लॅट आहे, आठ वर्षांच्या मुलीच्या हट्टासाठी दीड फुटी टाकी घेतली, त्यात दोन ओरांडा आणि एक काळा मूर असे तीन फॅन्सी गोल्डफिश सोडले. दुकानदाराने सांगितलं म्हणून दर रविवारी टाकी, खडे, फिल्टर सगळं नळाखाली लख्ख धुता. तरी पंधरा दिवसांत तिघेही गेले, आणि असं दुसऱ्यांदा झालं. आता पुण्याच्या हवेत टिकेल अशी जात कोणती, असं विचारलंय.

जात सांगतेच, पण मासे का गेले ते आधी बोलू. ते कळलं नाही तर तिसऱ्यांदाही तेच होईल आणि मुलगी पुन्हा रडेल.

गोल्डफिश कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. चालत्या टाकीत एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे मासा बराच सोसू शकतो. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते राहतात फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरावर. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने ती वस्ती धुऊन काढत होता आणि सोमवारपासून मासे पुन्हा स्वतःच्याच अमोनियात पोहत होते. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत असणार. अमोनियाला रंग नसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. कोथरूडला आमच्याकडे बारा-तेरा वर्षांपासून गोल्डफिश आहेत. पहिल्या दोन वर्षांत माझ्याकडे एक रेड कॅप ओरांडा होता, पांढराशुभ्र अंगाचा आणि डोक्यावर कुंकवासारखा लाल. दिवाळीच्या साफसफाईत मी त्याचा फिल्टर नळाखाली अगदी नवा दिसेपर्यंत घासला. पाडव्याला तो तळाशी बसून राहिला, भाऊबीजेला गेला. तेव्हापासून आमच्या घरी स्पंज फक्त टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत दोन-तीनदा पिळायचा असा नियम आहे. तो मळकट दिसतो, तसाच दिसू द्यावा.

आता टाकी. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे काठोकाठ भरली तरी ४२ लिटर. फॅन्सी गोल्डफिशचं साधारण गणित असं, की पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर. तुम्ही ४२ लिटरमध्ये तीन ठेवले होते. निदान तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी घ्या. वरून थोडी रिकामी ठेवली तरी १२० लिटर पाणी मावतं आणि त्यात दोन मासे आनंदाने वाढतात. एवढ्या पाण्याचंच वजन १२० किलो होतं, त्यामुळे ती टीव्हीच्या कपाटावर ठेवू नका, लोखंडी स्टँड घ्या. काचेच्या वाडग्याचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. बरेच जण वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे दोन फुटी टाकीत सोडतात. श्रद्धा असेल तर जरूर पाळावी, पण नऊ माशांना वरच्या हिशेबाने ४०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, तेवढी टाकी घ्यावी.

आता जातींकडे येते, आणि इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. फॅन्सी गोल्डफिश निसर्गात नव्हता. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी करड्या-हिरवट कार्पच्या जातीतल्या माशांमधून पिवळे-तांबडे पिल्लू निवडून निवडून लोकांनी गोल्डफिश तयार केला, आणि पुढच्या शतकांत चीन-जपानमध्ये त्याचं अंग आखूड केलं, शेपूट दुहेरी केली, डोळे बाहेर काढले, काहींचा पाठीवरचा पर घालवला. मूळ मासा काटक होता. आपल्या हौसेसाठी त्याच्या शरीरात ज्या उणिवा आल्या, त्या भरून काढायचं काम पाळणाऱ्याकडे येतं. म्हणून दुकानात मासा बघताना मी स्वतःला विचारते, याची कोणती उणीव मी रोज सांभाळू शकते?

काळ्या मूरचे डोळे बाहेर आलेले असतात, पण त्याला दिसतं कमी. तो खाण्यापर्यंत पोहोचेपर्यंत बाकीच्यांनी ते संपवलेलं असतं. त्याच्याबरोबर त्याच्यासारखेच संथ मासे हवेत आणि टाकीत टोकदार दगड, प्लास्टिकची झाडं नकोत. (ऊन-उबेत काळा मूर हळूहळू तांबूस होतो, तेव्हा रंग गेला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.) ओरांडाच्या डोक्यावरचा तुरा वयाबरोबर वाढतो आणि कधी डोळे झाकतो, शिवाय त्याच्या घड्यांमध्ये घाण अडकते, म्हणून पाणी उत्तम लागतं. रांचूला पाठीवर परच नसतो, तो डुलत डुलत पोहतो, जोराचा प्रवाह त्याला झेपत नाही. पर्लस्केलचं अंग लिंबासारखं गोल, त्यामुळे पोटातल्या हवेच्या पिशवीला जागा कमी आणि उलटं तरंगण्याचा त्रास लवकर. बबल आयच्या डोळ्यांखालच्या पिशव्या फिल्टरच्या तोंडात ओढल्या जाऊन फुटतात. मी तो कधीच घेतला नाही आणि घेणार नाही.

तुमच्यासाठी माझं उत्तर फॅनटेल, किंवा फार उंच पाठीचा नसलेला र्‍युकिन. दोघांचे डोळे साधे, पाठीवर पर शाबूत, पोहणं बऱ्यापैकी चपळ, आणि दुहेरी शेपटीचं सौंदर्य आहेच. एकाच जातीचे दोन घ्या. वर्षभर नीट जमलं की मग ओरांडा आणा. मुलीचा जीव ओरांडावरच असेल तर तिला एवढं सांगा, की तो दुसऱ्या वर्षी येणार आहे.

दुकानात कॉमेट आणि शुबंकिन स्वस्त मिळतात आणि दिसतात गोड. ते लांब अंगाचे, वेगवान, फूटभर वाढू शकणारे मासे आहेत. त्यांची जागा तळ्यात. फॅन्सी माशांबरोबर ठेवले तर सगळं खाणं तेच पळवतात. आणि 'काच साफ करतो' म्हणून सकर फिश गळ्यात मारतील, तो अजिबात आणू नका. तो रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यावरचा चिकट थर खरवडतो. माझ्या बहिणीच्या टाकीत एका र्‍युकिनच्या दोन्ही बाजूंना सोललेले डाग मी पाहिलेत.

मासा निवडायला निदान पंधरा मिनिटं द्या. दुकानदाराला थोडं खाणं टाकायला सांगा. निरोगी गोल्डफिश खाण्यावर तुटून पडतो. पाठीवरचा पर ताठ हवा, मिटलेला नको. दोन्ही कल्ले सारखे हलायला हवेत. वरून बघितलं तर अंग दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं, आणि खवले पिंजारलेले नकोत. मागे पांढरा, पोकळ दोऱ्यासारखा मळ लोंबत असेल, परांत रक्ताच्या रेषा असतील, किंवा त्याच टाकीत एखादा मेलेला मासा असेल, तर त्या टाकीतला कुठलाच मासा घेऊ नका. अगदी बारीक पिल्लूही नको, अंग दोन इंचांचं तरी असावं. आपल्याकडे बरेच मासे कोलकाता आणि चेन्नईकडून लांबचा प्रवास करून येतात, त्यामुळे 'आजच माल आलाय' हे ऐकलं की मी आठवड्याने पुन्हा जाते. तोपर्यंत जे टिकतात त्यांतून निवडते. घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासा तेवढा टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पहिली जोडी थेट टाकीत चालेल. पुढे नवा मासा आणाल तेव्हा मात्र त्याला तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर लावून ठेवा.

पाण्याबद्दल पुण्यात आपण नशीबवान आहोत. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, साबणाला फेस भरपूर येतो. पण मऊ पाण्यात पीएच (पाणी किती आम्लधर्मी त्याचं माप) धरून ठेवणारे क्षार कमी असतात, त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही तर पीएच घसरतो. मी फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची छोटी पुरचुंडी ठेवते. तुमच्याकडे टँकर किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर त्याचीही गरज नाही, गोल्डफिशला जड पाणी चालतं. एका आठवड्यात नळाचं आणि पुढच्या आठवड्यात बोअरचं असं मात्र करू नका. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी सायफनने तळातली घाण ओढत काढायचं आणि तेवढंच भरायचं. क्लोरीनसाठी दुकानात अँटिक्लोरिन मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. नाहीतर पाणी रुंद टबात एअरस्टोन (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून दिवसभर ठेवा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा नुसतं साठवण्यावर विसंबू नका. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं, म्हणून पाणी बदलायला रविवारच बरा.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत असते. फॅन्सी गोल्डफिशला २० ते २४ अंश पाणी आवडतं. बाहेर ४० अंशांच्या आसपास गेलं की वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या टाकीत पाणी ३० अंशांवर सहज पोहोचतं. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि नेमकी तेव्हा माशाची भूक आणि श्वास वाढलेले असतात. शिवाय तेवढ्याच अमोनियाचा विषारी भागही या दहा अंशांत जवळपास दुप्पट होतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर समजायचं की त्यांना श्वास पुरत नाही. मी मार्चअखेर टाकीचं झाकण काढून जाळी टाकते आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावते. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, माठासारखंच. आटलेलं पाणी रोज भरावं लागतं, आणि ते भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, कारण क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. बर्फाचे तुकडे टाकू नका, तापमान झटक्यात खाली-वर होतं. खाणं निम्म्यावर आणा. टाकी पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीत ठेवू नका. वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, जूनच्या पहिल्या वादळी पावसात तो लागतोच. थंडीत हीटर लागत नाही, पुण्याची डिसेंबरची घरातली हवा या माशांना मानवते.

खाण्याचं थोडक्यात. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळे तो साठवून ठेवू शकत नाही आणि सतत भुकेला दिसतो. त्याच्या त्या धावत येण्याला भुलू नका. बुडणारे दाणे, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील एवढेच. तरंगणारे दाणे खाताना तो हवा गिळतो. आठवड्यात एक दिवस उपास. दुसऱ्या दिवशी उकडून, साल काढून चुरलेला मटार द्या. पोळी, ब्रेड, चुरमुरे नकोत. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांनाही प्रेमाने सांगून ठेवा.

मासा तिरका पोहू लागला किंवा अंगावर काळे डाग उमटले, की औषध आणायच्या आधी अमोनियाची तपासणी करा. थेंब टाकून रंग बघायची किट मिळते. निळं औषध, पिवळं औषध यांवर खर्च करण्यापेक्षा ती घ्या. काळे डाग बऱ्याचदा अमोनियाने भाजलेली कातडी भरून येतानाचे असतात. आणि पुढे कधी कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके रांगेत दिसले, मासा मजेत असला, तर तो रोग नव्हे. नर वयात आल्याची खूण आहे ती. ठिपके अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे असतील आणि मासा दगडाला अंग घासत असेल तर मात्र तो पांढरे ठिपके हा आजार. आयोडीन नसलेलं जाडं मीठ, लिटरला ३ ग्रॅम, दोन दिवसांत विभागून विरघळवून घाला.

तुमची टाकी आत्ता रिकामी आहे आणि जुलै चालू आहे, ही वेळ चांगली आहे. मोठी टाकी आली की पाणी भरा, क्लोरीन काढा, फिल्टर चालू करा आणि मासा नसतानाही रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल. ओळखीत कुणाची जुनी निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजाचा तुकडा मागून आणा, काम लवकर होतं. मुलीला एक वही द्या, दर दोन दिवसांनी किटच्या नळीचा रंग तिने त्यात रंगवायचा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. साधारण गणपतीच्या सुट्टीपर्यंत होईल. मग तिला घेऊन सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, माशांना पहिलं खाणं टाकतात तेव्हा, आणि जो फॅनटेल सगळ्यांत आधी वर येईल तो तिला दाखवायला सांगा.