पर्यावरण : परमेश्वराचं नव्हे, आवरण्याचं

प्रश्न असा : 'आत्मज्ञान झालं की पर्यावरण आपोआप सुधारतं' या वाक्यात 'पर्यावरण' बरोबर की 'निसर्ग'? विचारणाऱ्या बाईंना कुणीतरी पटवलंय की पर्यावरण म्हणजे 'परमेश्वराचं आवरण', तेव्हा अध्यात्मात हाच शब्द हवा.

आधी हे परमेश्वराचं खूळ निकालात काढू. ऐकून ऐकून कान किटले. परि + आवरण = पर्यावरण; अति + आचारचा अत्याचार होतो तसाच. 'परि' म्हणजे सभोवार, परिसर आणि परिघातला. परमेश्वरातला 'परम' वेगळा.

शब्द वेदकालीन आहे असं ठासून सांगणारे विद्वान तर आणखी पुढचे. तो आधुनिक काळात 'एन्व्हायर्नमेंट'साठी घडवलेला आहे. अथर्ववेदात ६३ ऋचांचं पृथ्वीसूक्त आहे. त्यात खणणारा माणूस जमिनीला म्हणतो, तुझं जे उकरतोय ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्माला माझा धक्का न लागो. एवढी जाणीव तिथे आहे, 'पर्यावरण' मात्र नाही. शब्दाशिवायही जाणीव असू शकते हे मानायला या मंडळींना इतकं जड का जातं, कळत नाही.

आता खरी गंमत. आवरणातला धातू वृ : झाकणं, अडवणं. वेदान्तात अविद्येच्या दोन शक्ती सांगतात. अंधारात दोरी दिसत नाही, हे आवरण. तिच्या जागी साप दिसतो, हा विक्षेप. जैनांच्या आठ कर्मांतही एक ज्ञानावरणीय, म्हणजे ज्ञान झाकणारं, आहे (आणि हेच जैन माती-पाण्यातही जीव मानतात). म्हणजे आत्म्यावरच्या झाकणाचा जो शब्द, तोच आपण भोवतालच्या जगाला लावला. मग हे आवरण फेडायचं की जपायचं? संस्कृतात बसून हा पेच सुटत नाही.

मराठीत सुटतो. पसारा आवर. जीभ आवर. रडू आवरेना. सकाळी दाराबाहेरून हाक येते, 'आवरलं का तुझं?' आणि आत कुणीतरी एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने चादर ओढून सरळ करत असतं. मन आणि खोली, दोन्हींना एकच क्रियापद! झाकण्याचा अर्थ या क्रियापदातून गळाला. उरलं ते ताब्यात ठेवणं आणि जागच्या जागी लावणं. जे आवरत नाही ते अनावर : राग, हाव, वणवा. तेव्हा माझं म्हणणं, 'पर्यावरण' मराठी कानाने ऐका : सभोवारचं आवरणं, आणि त्यासाठी आधी स्वतःला.

एका कोशवेड्या मित्राने यावर सुनावलं, 'तू ज्यावर चिडतोस तीच ही लोकव्युत्पत्ती, कानाला जुळलं म्हणून लावलेलं शब्दाचं मूळ.' साफ चूक. परमेश्वरवाल्यांचा उपसर्गसुद्धा जुळत नाही, माझा धातू जुळतो. अर्थाची वाट तेवढी माझी, आणि ती मी सोडणार नाही.

याच वृ-ला 'वि' लावा. विवरण, म्हणजे उघडून सांगणं, आणि विवर. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर विरळ होत असल्याचं जाहीर झालं, त्याला आपण ओझोनचं विवर म्हणतो. आवरणाला विवर पडलं, दोघेही एकाच घरचे! ते आता भरू लागलंय, कारण १९८७च्या माँट्रियल करारानंतर देशांनी ओझोन खाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंच्या बाबतीत हात आवरता घेतला. यापेक्षा मोठा पुरावा मित्राला काय हवाय?

हं, 'निसर्ग' राहिलाच. तो सृज्-मधला, सर्जन-विसर्जनाचा भाऊबंद. माणूस नसला तरी असतो. पर्यावरणाला मात्र मध्ये कुणीतरी लागतं, ज्याच्या सभोवार ते असेल. बाईंच्या वाक्यात बिघडवणाराही मध्येच उभा आहे, म्हणून 'पर्यावरण' राहू द्या. 'आपोआप' तेवढं खोडा.