इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात लहानपण गेलेलं कोणी आहे का इथे? तिथलं गाव कसं असतं, आठवणी सांगाल का?

हो, मी आहे. वयाच्या चौथ्या वर्षापासून तेराव्यापर्यंत, म्हणजे १९७१ ते १९८०, मी लिंकनशायरमधल्या एका खेड्यात वाढले. बाबा डॉक्टर, मूळचे सांगलीकडचे. तेव्हा एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, डॉक्टर कमी पडत होते म्हणून आपल्याकडचे पुष्कळ जण तिकडे गेले, त्यातलेच एक बाबा. नंतर आजोबा आजारी पडले आणि आम्ही परत आलो.

आधी एक सांगते, इंग्लंडचं खेडं म्हटलं की टेकड्या, मेंढ्या, गवताची छपरं असं डोळ्यासमोर येत असेल तर आमचं गाव तसं अजिबात नव्हतं. स्पॉल्डिंग आणि बॉस्टनच्या मधला हा भाग, याला फेन्स म्हणतात. सगळी दलदल उपसून काढलेली जमीन, पोळपाटासारखी सपाट, भरतीच्या वेळी समुद्राची पातळी शेतांपेक्षा वर असते आणि ठिकठिकाणचे पंप पाणी उपसत असतात म्हणून शेतं कोरडी राहतात. प्रत्येक शेताच्या कडेला खोल चर, त्याला डाईक म्हणायचे. बॉस्टनच्या चर्चचा मनोरा ८० मीटरच्या वर आहे, तो कुठूनही दिसायचा, त्यामुळे आम्ही मुलं कितीही लांब सायकली मारत गेलो तरी हरवलो असं कधी झालं नाही. १९५३ च्या ३१ जानेवारीला रात्री समुद्र आत घुसला होता आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. म्हातारे पेशंट बाबांना त्या रात्रीच्या गोष्टी सांगायचे आणि मला वारं सुटलं की झोप यायची नाही.

दवाखाना घरातच होता, पुढच्या दोन खोल्यांत. जवळपास केमिस्ट नाही म्हणून गोळ्या-औषधंही बाबाच द्यायचे, आई बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. १९७२ मध्ये खाणकामगारांचा संप झाला तेव्हा पाळीपाळीने लाइट जायची, मग मेणबत्तीच्या उजेडात पेशंट तपासलेले मला अंधुक आठवतात. लोक बोलायला कमी. समोर आले की "नाऊ देन" एवढंच म्हणणार, आपलं "काय मग" असतं ना, तसंच. आभार मानायला कोणी येत नसे पण सकाळी दार उघडलं की पायरीवर बटाट्याचं पोतं नाहीतर कोबीचे गड्डे ठेवलेले असायचे, कोणी ठेवले ते कळायचंच नाही. एकदा नोव्हेंबरच्या धुक्यात बाबांची गाडी डाईकमध्ये गेली. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून ओढून काढली, तोंडातून शब्द नाही, बाबांना आधी ज्या घरी जायचं होतं तिथे ट्रॅक्टरवर बसवून सोडलं आणि मग गाडी घरी आणली.

आईचं सांगायलाच हवं. आम्ही जानेवारीत पोचलो आणि १५ फेब्रुवारी १९७१ ला तिथे नवीन नाणी आली. तोपर्यंत पाउंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेनी, म्हणजे पाउंडात २४० पेनी, ते एकदम १०० झाले. गावात एकच दुकान, तेच पोस्ट, आणि तिथली म्हातारी मालकीण पार गोंधळून गेलेली. आईने आपल्याकडे १९५७ ला आणे जाऊन नये पैसे आलेले बघितले होते, तेव्हाही घरी आजीला हिशोब तिनेच शिकवलेला. मोडक्या इंग्लिशमध्ये काउंटरपाशी उभी राहून तिने गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून गावात तिला ओळख मिळाली. नाहीतर साडीवाली बाई म्हणून नुसतेच बघायचे.

सगळं गोड होतं असं नाही म्हणणार. शाळेत दोन मुलं माझ्या रंगावरून ओरडायची, बाईंना सांगितलं तर बाई म्हणाल्या दुर्लक्ष कर. ते अजून लागतं मनाला. तूरडाळ मिळायची नाही, आई पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं वरण करायची. मग १९७२ ला युगांडातून हाकललेले गुजराती लोक मोठ्या संख्येने लेस्टरला आले, तिथे दुकानं निघाली, आणि आम्ही महिन्यातून एकदा गाडी काढून बेलग्रेव्ह रोडला जायला लागलो. परत येताना गाडीभर हिंगाचा वास.

वर्ष पिकांवरून कळायचं. शरद ऋतूत बटाटे निघाले की शाळेला सुट्टी, मोठी मुलं वेचायला जाऊन पैसे कमवायची. मग शुगर बीटचा हंगाम, ट्रेलरमधून पडलेले बीट रस्त्यावर, सगळीकडे चिखल, आणि कारखान्याचा तो उग्र वास. आम्हाला नाक दाबावंसं वाटायचं पण बाबा खिडकी उघडून बसायचे, त्यांना सांगलीचा गळीत हंगाम आठवायचा. १९७६ चा उन्हाळा तर विसरणं शक्य नाही, जूनच्या शेवटी ३२ अंशांच्या वर जे गेलं ते पंधरा दिवस खाली येईना, डाईक आटले, लेडीबर्ड किडे इतके झाले की अंगाखांद्यावर बसायचे आणि चावायचे सुद्धा.

पण सगळ्यात जास्त आठवतात ती ट्यूलिप्स. एप्रिलच्या शेवटी शेतंच्या शेतं लाल, पिवळी, आणि मग एक दिवस सगळी फुलं खुडून टाकायचे, कारण शेतकऱ्याला हवा असतो खालचा कांदा, फूल ठेवलं तर कांदा पोसत नाही. पहिल्यांदा ते ढीग बघून मी रडले होते. त्याच फुलांतून स्पॉल्डिंगची फ्लॉवर परेड सुरू झाली १९५९ ला. लोखंडी सांगाड्यावर गवताची चटई लावून भलेमोठे चित्ररथ करायचे आणि त्यावर एकेक फूल पिनेने टोचायचं. आधीच्या रात्री शेडमध्ये बायका जमायच्या. गणपतीचे हार केलेले आईचे हात, ती बसली की भराभर ओळी भरायच्या, शेजारची बाई तिला बघून म्हणाली, "मी डक" (तिकडे लाडाने अशी हाक मारतात), तू हे आधी कुठे केलंयस? आई म्हणाली, माझ्या घरी. मी पाय दुखेपर्यंत पिना पुरवायची. सकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही आमचा तुकडा शोधायचो, एका वर्षी तो हंसाच्या मानेवर होता, पांढऱ्या फुलांचा, हातभर लांब.

२०१३ ला पैशाअभावी ती परेड बंद पडली, पुढे कित्येक वर्षं निघालीच नाही. बातमी वाचून मी आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "मग आता खुडलेल्या फुलांचं काय करतात?"